कोणाच्या हातचे औषध?

रोग्याच्या हाती गोळ्यांची जी पट्टी पडते तिच्यावर बारीक अक्षरांत पुष्कळ मजकूर छापलेला असतो. औषधाचे नाव असते, किंमत असते, मुदत असते, आणि ती गोळी ज्या कारखान्यात वळली गेली त्याचा पत्ताही असतो. तो बहुधा हिमाचलातील बद्दीचा, नाहीतर सिक्कीमचा, गुजरातचा किंवा आपल्याकडील ठाणे-पालघरचा असतो. परंतु त्या गोळीत औषधाचा जो खरा अंश आहे, ज्याच्यावाचून ती गोळी म्हणजे पिठाची लहानशी वडी होय, तो अंश कोणत्या देशात व कोणाच्या कारखान्यात तयार झाला, हे त्या पट्टीवर कोठेही लिहिलेले नसते. रोगी ते विचारीतही नाही. दुकानदार दोन रुपये कमी घेतो की जास्त, एवढेच तो पाहतो. आणि त्याची परिस्थिती ध्यानी घेता त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण ज्यांनी हा प्रश्न विचारावयासच हवा होता ते सरकारी खरेदी-अधिकारी, औषधांचे कारखानदार आणि धोरण ठरविणारे मंत्री, यांनीही तो गेली तीस वर्षे शक्यतो टाळलाच आहे. भारतात आयात होणाऱ्या मूळ औषधद्रव्यांपैकी, मूल्याने मोजल्यास, सत्तर टक्क्यांच्या आसपास माल एकट्या चीनमधून येतो. जो देश जगाचे औषधालय म्हणून मिरवतो, अमेरिकेत खपणाऱ्या जेनेरिक औषधांपैकी सुमारे चाळीस टक्के पुरवितो, त्याच्या औषधालयाची मागची कोठी शेजाऱ्याच्या किल्लीने उघडते, अशी ही स्थिती आहे.

या विषयावर बोलणाऱ्यांचे दोन तट पडलेले दिसतात. २०२० च्या जून महिन्यात गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले, तेव्हा चिनी मालावर बहिष्काराची आरोळी उठली. सुरतेत तर दूरचित्रवाणीचा संच गच्चीवरून खाली फेकण्यापर्यंत मजल गेली. त्या संतापामागील भावना खोटी नव्हती. पण घरातील मुलाला त्या रात्री ताप आला असता तर त्याला दिलेल्या गोळीचे मूळ रसायन कोठून आले, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नसती, आणि घेतली असती तरी गोळी फेकून देण्याचे धैर्य कोणा बापाला झाले नसते. दुसरा तट हिशेबी माणसांचा. जेथे स्वस्त मिळेल तेथून घ्यावे, उरलेली चिंता बाजार वाहील, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद ऐकावयास शहाणपणाचा वाटतो. वस्तुतः यात खरेदी या शब्दाचा अर्थच आखूड केलेला आहे. वर्षाचे धान्य भरणारी कोणतीही जाणती गृहिणी केवळ भाव विचारून थैली पुढे करीत नाही. ती दाणा दातांखाली चावून पाहते, पोते तळापर्यंत उपसावयास लावते, एक वाणी उद्या दुकान बंद करून गावी गेला तर दुसरा कोण याचा अंदाज बांधते, आणि पीठ बाजारात मिळू लागले म्हणून घरचे जाते फोडून टाकीत नाही. परदेशातून माल घेणे यात पाप काही नाही. आजच्या जगात कोणत्याच देशाला त्यावाचून गत्यंतर नाही. आमचा आक्षेप आहे तो डोळे मिटून, एकाच दुकानातून, केवळ भावाच्या आकड्यावर केलेल्या खरेदीला.

या डोळे मिटण्याची कथा महाराष्ट्राच्या जमिनीवरच घडलेली आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. १९५४ साली पुण्यानजीक पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्याला लाभले होते. दुसऱ्या महायुद्धात ज्या औषधाने लाखो सैनिकांचे प्राण वाचविले ते पेनिसिलिन स्वतंत्र भारताने स्वतः तयार करावे, परकीय कंपन्यांच्या मर्जीवर व दरावर अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू होता. पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसिन होऊ लागले. बुरशीच्या रोगांवरील हॅमायसिन हे औषध तर तेथील शास्त्रज्ञांनीच शोधून काढले. १९६१ साली सोव्हिएत साहाय्याने दुसरी सरकारी औषध कंपनी निघाली आणि तिचे कारखाने हृषीकेश व हैदराबाद येथे उभे राहिले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर नव्हे तर ते करण्याच्या रीतीवरच पेटंट मिळेल असे ठरविले, आणि त्या आधारावर खाजगी कारखानदारांनीही मूळ औषधद्रव्ये करण्याची विद्या हस्तगत केली. चार दशकांच्या खटपटीने मिळविलेली ही विद्या होती.

पेनिसिलिन ही बुरशीपासून आंबवून काढावयाची वस्तू आहे. प्रचंड टाक्यांत साखर व मक्याचे पाणी यांवर विशिष्ट वाणाची बुरशी वाढवावी लागते. तिला अहोरात्र निर्जंतुक हवा, ठराविक उष्णता, अखंड वीज आणि वाफ लागते. मध्येच वीज गेली, किंवा टाकीत परका जंतू शिरला, की सबंध घाणा गटारात सोडून द्यावा लागतो. म्हणून या धंद्यात जो मोठा तो स्वस्त, आणि ज्याला वीज, वाफ व जमीन स्वस्त तो आणखी स्वस्त. चीनमधील प्रांतिक सरकारांनी आपल्या कारखान्यांना या तिन्ही गोष्टी पुरविल्या, एकेका ठिकाणी एवढ्या क्षमतेची उभारणी केली की साऱ्या जगाची गरज भागावी, आणि सांडपाण्याकडे पुष्कळ वर्षे कानाडोळा केला. १९९१ नंतर आपल्याकडे आयातीची दारे उघडली व जकात उतरत गेली. नंतरच्या दीड दशकात चिनी पेनिसिलिनचा भाव इतका खाली आला की आपल्या कारखान्यांना टाक्या चालविण्यापेक्षा त्या थंड ठेवणे परवडू लागले. एकामागून एक त्या बंद पडल्या. ॲमॉक्सिसिलिन आपण करीत राहिलो, पण त्याचा गाभा बाहेरून आणून. पिंपरीची कथा याहून करुण. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने, या कारखान्याची व त्याच्या भावंडांची जादा जमीन विकून देणी भागवावी, असा निर्णय केला. ज्या जागेवर देशाचे औषध होत असे तिची किंमत आता चौरस फुटांवर ठरू लागली.

हे सर्व चीनने कपटाने केले असे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. चीनने विकले, आम्ही घेतले. आमच्या कारखानदाराला किलोमागे काही रुपये वाचले आणि सरकारला टेंडर स्वस्तात भरून मिळाले, तेव्हा कोणाचीच तक्रार नव्हती. कारखाना बंद पडतो तेव्हा केवळ यंत्रे गंजत नाहीत. वर्षानुवर्षे जोपासलेले बुरशीचे वाण जाते, टाकीच्या फेसावरून आत काय चालले आहे हे ओळखणारा माणूस निवृत्त होतो, आणि त्याच्या हाताखाली कोणी तयार झालेला नसतो. ही हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणून स्वस्त मालाचा भाव लिहिताना ती कोणी धरलीही नाही.

हिशेब पुढे आला तो २०२० साली. त्या वर्षाच्या प्रारंभी वुहानमध्ये साथ उसळली, चीनचे कारखाने बंद झाले, आणि आपल्या गोदामांत किती आठवड्यांचा माल आहे याची मोजदाद दिल्लीत सुरू झाली. ३ मार्च २०२० रोजी सरकारने पॅरासिटामॉलसह २६ औषधद्रव्ये व औषधे यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. जगाच्या औषधालयाने आपल्या दाराला आतून कडी घातली. ती घालण्याची वेळ यावी हेच आमच्या खरेदीच्या शहाणपणाचे प्रगतिपुस्तक होते. अशी पाळी आपल्यावर प्रथमच आली होती असेही नाही. १९६५-६६ च्या अवर्षणात अमेरिकेच्या गव्हाचे जहाज बंदराला लागले तरच रेशनच्या दुकानात धान्य, अशी आपली अवस्था होती, आणि अध्यक्ष जॉन्सन त्या जहाजांचा दोर हाताने सैल-घट्ट करीत होते. त्या अपमानातून देशाने शेतीत केवढी उडी घेतली हे सर्वांस ठाऊक आहे. औषधांच्या बाबतीत मात्र तो धडा कोणी उघडून पाहिला नाही. आणि पुरवठादार एकच असला की तो दोर ओढू शकतो, हे २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा दिसले: चीनने दुर्मिळ मृद्धातू व त्यांची चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकी करणाऱ्या पुण्याकडील कारखानदारांच्याही तोंडचे पाणी पळाले. मोटार चार महिने उशिरा मिळाली तर माणूस थांबू शकतो. प्रतिजैविकासाठी त्याला चार दिवसही थांबता येत नाही.

येथवर आम्ही पुरवठा तुटण्याविषयी बोललो. पण याहून भयंकर गोष्ट म्हणजे पुरवठा न तुटणे. माल वेळेवर येतो, कागदपत्रे बिनचूक असतात, आणि पिंपात औषधाऐवजी विष असते. २००८ साली अमेरिकेत हेपरिन या, रक्त गोठू न देणाऱ्या, औषधाने रोगी दगावू लागले. ऐंशीच्या आसपास मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. हे औषध डुकराच्या आतड्यांपासून काढतात. चीनमध्ये डुकरांच्या साथीमुळे कच्चा माल महागला होता, आणि पुरवठ्याच्या साखळीत कोठेतरी कोणीतरी त्यात दुसरेच एक स्वस्त रसायन मिसळले. ते रसायन असे निवडलेले होते की ठराविक चाचणीत ते हेपरिनसारखेच उतरावे. वर्षानुवर्षे तीच प्रश्नपत्रिका काढणाऱ्या परीक्षकाला हुशार विद्यार्थी कसा बनवितो, हे ज्यांनी शाळा शिकविल्या आहेत त्यांस सांगावयास नको. याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. ज्या चिनी कारखान्यातून ते द्रव्य आले त्याची तपासणी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केलेलीच नव्हती. त्याच्यासारखेच नाव असलेला दुसरा एक कारखाना पूर्वी तपासला गेला होता, आणि कचेरीत दोन नावांचा घोटाळा झाला. अमेरिकेसारख्या श्रीमंत, दक्ष गिऱ्हाइकाची ही कथा आहे.

आपल्याला तर विष पचविण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचीही गरज पडलेली नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रोगी मृत्यू पावले. औद्योगिक वापराचे, डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने दूषित झालेले ग्लिसरीन व्यापाऱ्यांच्या हातोहाती फिरत औषध म्हणून वॉर्डात पोचले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाचा जो पंचनामा केला तो आजही प्रत्येक खरेदी-अधिकाऱ्याने वाचावा अशा योग्यतेचा आहे. त्यापायी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २०२२ च्या ऑक्टोबरात, तेच विष पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशात उघडकीस आले. या वेळी आपण गिऱ्हाईक नव्हतो, दुकानदार होतो. हरियाणातील एका कारखान्याच्या खोकल्याच्या औषधांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. सत्तरच्या आसपास बालके तेथे दगावली होती. आपल्याकडील तपासणीत नमुने निर्दोष ठरले असे आपल्या सरकारने सांगितले. गांबियाकडे स्वतःची औषध तपासण्याची प्रयोगशाळाही नव्हती. भारताचे नाव मोठे, कागद पुरे, भाव परवडणारा, एवढ्यावर त्या गरीब देशाने विश्वास ठेवला होता. आपण चीनच्या पिंपांवर जसा ठेवतो तसाच.

पुढे निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी १ जून २०२३ पासून सक्तीची झाली. परदेशच्या मुलांसाठी केलेला हा नियम घरच्या मुलांना मात्र लागू नव्हता, आणि त्याचे फळ २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशाच्या छिंदवाडा जिल्ह्याने भोगले. वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. त्यांपैकी अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत शेवटचा श्वास घेतला. तमिळनाडूत केलेल्या त्या औषधात विषाचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या मर्यादेऐवजी ४८ टक्क्यांवर निघाले. म्हणून, देशी म्हटले की निर्मळ आणि परदेशी म्हटले की भेसळ, अशी वाटणी करणाऱ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे की ती वाटणी स्मशानात टिकत नाही. २०२४ साली उजेडात आलेल्या नागपूर जिल्ह्यातील प्रकरणात तर सरकारी रुग्णालयांना पुरविलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषध नव्हतेच. टाल्कम पावडर व स्टार्च होते. त्या गोळ्या काही शांघायहून आल्या नव्हत्या.

मग पुरवठादार निवडावयाचा कसा? आमच्या मते पहिली गोष्ट ही की, व्यापाऱ्याशी नव्हे तर कारखान्याशी ओळख हवी. निघाल्यापासून गोळी होईपर्यंत पिंप तीन-चार हातांतून फिरते, आणि प्रत्येक हात त्यावर नवे लेबल लावू शकतो. २०२४ मध्ये पाकिस्तानात बड्या परदेशी कंपन्यांच्या नावाची खोटी लेबले लावलेले प्रोपिलिन ग्लायकॉलचे ड्रम सापडले, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला होता. हे तेच द्रावण, ज्याच्या जागी विषारी ग्लायकॉल जाऊन मुले मरतात. तेव्हा प्रमाणपत्र पाहून समाधान मानणे म्हणजे आंधळ्याने दळावे आणि कुत्र्याने पीठ खावे, अशातला प्रकार आहे. आपल्या कायद्याप्रमाणे औषधद्रव्य पाठविणाऱ्या परदेशी कारखान्याला आधी नोंदणी करावी लागते व त्याची तपासणी करण्याचा अधिकारही आपल्या औषध नियंत्रकांना आहे. तो अधिकार वापरावयाचा तर चिनी भाषा जाणणारे, आंबवणीच्या टाकीत डोकावलेले, आणि सांगून नव्हे तर न सांगता जाणारे निरीक्षक हवेत. अमेरिकेने हेपरिननंतर आपली माणसे परदेशात ठाण मांडून बसविली. त्यांच्या अचानक भेटींनी आपलेच कारखानदार हैराण होतात व त्याच भीतीने सुधारतातही. आपण मात्र उंटावरून शेळ्या हाकीत आहोत. त्यातही एक मोठी फट आहे. पिंप औषध म्हणून आले तर त्याला नोंदणी. त्याच औषधाच्या आधीच्या पायरीवरील रसायन म्हणून आले, तर तो साधा रासायनिक माल! आणि चीनवरील आपले खरे अवलंबित्व याच आधीच्या पायऱ्यांवर आहे.

दुसरे असे की, एकाच्या जागी दोन पुरवठादार घेतले म्हणजे सावधगिरी झाली, ही समजूत फसवी आहे. एक औषध दोन भारतीय कंपन्यांकडून घेतले, किंवा एक भारतीय व एक युरोपीय कंपनी निवडली, आणि दोघांनीही मूळ द्रव्य त्याच एका चिनी प्रांतातून आणले, तर ती दोन दुकाने खरी पण गिरणी एकच. गिरणी बंद पडली की दोन्ही दुकानांना कुलूप. दुसरा पुरवठादार मुळापासून दुसरा असावयास हवा. असे फार उरलेले नाहीत. ऑस्ट्रियात टिरोल प्रांतातील कुंडल येथे पेनिसिलिनचा एक जुना कारखाना आहे. तोही चीनच्या भावापुढे टेकीला आला होता. २०२० साली तेथील सरकार व कंपनी यांनी १५ कोटी युरोंची योजना आखून तो टिकविण्याचे ठरविले व त्यातील ५ कोटी सरकारने देऊ केले. ऑस्ट्रिया काही साम्यवादी देश नव्हे, किंवा त्यांना बाजाराचे भाव कळत नाहीत असेही नाही. आग लागण्यापूर्वी बंबावर खर्च करावा लागतो, एवढे त्यांना कळले.

यावरून तिसरा मुद्दा निघतो, आणि तो आपल्याला सर्वांत अवघड जाणारा आहे. घरची चूल पेटती ठेवावयाची तर तिचे सरपण उघडपणे कोणीतरी भरले पाहिजे. केंद्र सरकारने २०२० मध्ये मूळ औषधद्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना व औषध उद्यानांसाठी ३,००० कोटींची दुसरी योजना जाहीर केली, हे योग्यच झाले. तिच्याच आधाराने २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाडाजवळ पेनिसिलिनचे मूळ उत्पादन दीर्घ खंडानंतर पुन्हा सुरू झाले. परंतु पुढे काय घडले? चिनी मालाचे भाव उतरू लागल्याची व नव्या कारखान्याला ते झेपत नसल्याची तक्रार उद्योगाने मांडली, आणि आयातीला किमान भावाची अट घालावी अशी मागणी आली. तिला लगेच गोळ्या करणाऱ्या लहान कारखानदारांनी विरोध केला. त्यांचेही खोटे नाही, कारण त्यांच्या मालाची किंमत सरकारने बांधून दिलेली आणि कच्चा माल मात्र महागणार. आम्हाला या वादात जकातीपेक्षा खरेदीचा करार अधिक पसंत आहे. सरकार स्वतः या देशातील औषधांचे मोठे गिऱ्हाईक आहे. आपल्या वार्षिक गरजेचा एक ठराविक हिस्सा, तो चौथाई असो वा तिहाई, देशात मुळापासून तयार झालेल्या द्रव्याच्या औषधांचाच घेऊ, पाच-सात वर्षे घेऊ, आणि ठरल्या भावाने घेऊ, असे त्याने लिहून दिले, तर टाक्या पेटत्या राहतील. उरलेला माल चीनमधून वा कोठूनही येवो.

येथे एक अप्रिय सत्य झाकून ठेवणे बरे नव्हे. हे कारखाने घाण करतात. तारापूरच्या किनाऱ्यावरील व लोटे-परशुरामजवळच्या खाडीतील कोळ्यांना जाऊन विचारा. मासळी कशी मेली हे ते तारीखवार सांगतील. रोहा-मुरूड भागात औषध उद्यान व्हावे असा महाराष्ट्राचा प्रस्ताव होता. २०२२ साली ती उद्याने गुजरात, हिमाचल व आंध्र यांच्या वाट्याला गेली आणि मुंबईत त्यावर राजकीय गदारोळ उठला. ज्यांच्या जमिनी जावयाच्या त्या गावकऱ्यांनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला असल्यास नवल नाही. चीनचा स्वस्त भाव हा काही अंशी तेथील नद्यांनी भरलेला कर होता. २०१७ च्या सुमारास तेथील सरकारने प्रदूषणावर बडगा उगारताच किमती चढल्या, हा त्याचा पुरावा. तेच आपण आपल्या खाड्यांकडून वसूल करावयाचे काय? तसे करावयाचे नसेल तर सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च भावात धरावा लागेल, आणि तो भाव चिनी भावाहून जास्त असेल. हे जनतेला सरळ सांगावे.

गरिबाचे औषध महाग होईल, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पण अतिस्वस्ताईने गरिबाचे औषध नाहीसे होते, हेही पाहावे. घसा धरून सांधे सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी होतात, असा सांधेज्वर गरीब वस्तीतील मुलांना गाठतो. त्यांना वर्षानुवर्षे, दर तीन-चार आठवड्यांनी, बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन द्यावे लागते. याहून स्वस्त औषध क्वचितच असेल. आणि नेमके हेच औषध गेल्या दशकात जगभर दुर्मिळ झाले, कारण त्यात कोणाला नफा उरला नाही व त्याचे मूळ द्रव्य करणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके, तेही बहुतेक चीनमध्ये, शिल्लक राहिले. इंजेक्शन चुकले की त्या मुलाच्या हृदयावर पुन्हा घाला येतो. मग शस्त्रक्रियेला लाखो रुपये. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हा. २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्याच किंमत-नियंत्रकांना बेंझिल पेनिसिलिनसह आठ औषधांच्या बांधलेल्या किमती ५० टक्क्यांनी वाढवून द्याव्या लागल्या. कारण त्या भावात ती करावयास कोणी धजेना. त्या वाढीने आकाश कोसळले नाही.

हे सर्व दिल्लीने करावे म्हणून मुंबईने वाट पाहत बसण्याचे कारण नाही. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण हे राज्यातील सरकारी रुग्णालयांसाठी औषधे घेते. त्याचे टेंडर सर्वांत कमी भाव बोलणाऱ्याच्या गळ्यात माळ घालते, तोवर पुरवठादार आपला माल सर्वांत स्वस्त पिंपातूनच भरणार. त्या अर्जात एक रकाना वाढवावा: औषधाचे मूळ द्रव्य कोणत्या कारखान्यात झाले, त्याच्या आधीची पायरी कोठे झाली, आणि तो कारखाना शेवटी कोणी व केव्हा डोळ्यांनी पाहिला. ही माहिती पुरवठादाराकडे असतेच. मूळ द्रव्याच्या पिंपावर क्यूआर संकेत छापण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून आहे. जो हा रकाना कोरा ठेवील त्याचा भाव कितीही कमी असो, पाकीट उघडू नये. आणि ज्याचे द्रव्य वेगळ्या देशातून वा मुळापासून येथेच झालेले असेल त्याला भावात काही टक्क्यांची सवलत द्यावी. यासाठी संसदेचा ठराव लागत नाही की परदेशी वकिलातीची परवानगी लागत नाही. पुढच्या टेंडरची जाहिरात निघण्यापूर्वी एका बैठकीत हे होण्यासारखे आहे, आणि आरोग्यमंत्र्यांनी ती बैठक बोलवावी.